रांजणातले खडे

दिवाळी अंकासाठी मजकूर मागताना आमचे संपादक दरवर्षी एक वाक्य न चुकता लिहितात : ‘यंदा जरा हलकेफुलके असू द्या.’ मीही दरवर्षी तसे कबूल करतो. यंदा तर विषयही ठरवून टाकला होता. चकली बिघडली म्हणजे घरातले कोण कोणाला दोष देते, यावर एक छोटासा प्रबंध मनात जुळवून ठेवला होता. (सौ. भाजणीला देते, मी सोऱ्याला देतो, आणि गिरणीवाला पावसाला देतो.) पण लिहायला बसलो त्याच रविवारी सकाळी दारावरची घंटा वाजली. उघडून पाहतो तो दारात पोलीस हवालदार! वाचकहो, चकली तिथेच मोडली. ती पुढल्या दिवाळीला तळून देईन.

पोलीस दारात दिसला की आपल्यासारख्या पांढरपेशा माणसाला जन्मात केलेले सारे गुन्हे एकदम आठवतात. मला ग्रंथालयात परत न केलेला एक शब्दकोश आठवला. पण हवालदार मोठे सभ्य गृहस्थ होते. चपला बाहेर काढून आत आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, “सर, तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी ना? एक अभिप्राय पाहिजे होता.”

हे सेक्रेटरीपद माझ्याकडे कसे आले ते सांगतो. आमच्या जुन्या वाड्याच्या जागी अठरा बिऱ्हाडांची इमारत उभी राहिली, तेव्हा ‘पाण्याची टाकी धुणार आहोत’ ही सूचना शुद्ध मराठीत लिहू शकेल असा मनुष्य म्हणून मंडळींनी मला निवडले. तेव्हापासून अभिप्राय, सूचना, श्रद्धांजली, सगळे माझ्याकडे.

हवालदारांनी कागद पुढे केला. वर लिहिले होते : ‘संचित रजेबाबत चौकशी.’ खाली एका कैद्याचे नाव. ते वाचले आणि हातातला पेला मी खाली ठेवला.

हा मुलगा माझा विद्यार्थी. पहिल्या वर्षाच्या वर्गात मागल्या बाकावर बसायचा. हुशार म्हणता येणार नाही, पण अक्षर सुरेख. अकरा वर्षांपूर्वी, गणपतीच्या दिवसांत, आमच्या आळीतल्या मंडपाशी मोटारसायकल लावण्यावरून त्याचे आणि आळीतल्याच दुसऱ्या एका मुलाचे भांडण झाले. शिवीगाळ झाली, धक्काबुक्की झाली, लोकांनी सोडवले. तो घरी गेला. स्वयंपाकघरातली सुरी घेऊन परत आला. पुढचे मी लिहीत नाही. दुसरा मुलगा इस्पितळात पोचलाच नाही.

मंडपापासून त्याच्या घराचे अंतर दीडशे पावले असेल. मी मोजले आहे. कायद्याने त्याच दीडशे पावलांचे मोल केले. एकाएकी उसळलेल्या भांडणात, पूर्वी काही मनात नसताना, हातून मनुष्य मेला तर कायदा त्याला ‘सदोष मनुष्यवध’ म्हणतो आणि शिक्षेला निरनिराळ्या पायऱ्या ठेवतो. पण घरी जाऊन हत्यार आणले म्हणजे मधल्या वेळात विचाराला सवड होती. मग तो खून. खुनाला शिक्षा दोनच : फाशी नाहीतर जन्मठेप. त्याला जन्मठेप झाली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

“यापूर्वी दोनदा रजेवर आला होता,” हवालदार म्हणाले, “पण तेव्हा त्याची बहीण वाईकडं, सासरी होती. जामीन तिचाच, म्हणून पत्ताही तिकडचा. आता ती इथं माहेरच्या जागेत राहायला आली. तेव्हा आळीची कुणाची हरकत नाही ना, एवढंच लिहून द्या.”

मला क्षणभर आपण कोणी मोठे न्यायाधीश झाल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे. मी लेखणी उचलली आणि लिहिले : ‘मनुष्य चुकतो, तसाच सुधारतोही. समाजाने त्याला संधी द्यावी. सोसायटीची काहीही हरकत नाही.’ वाक्ये मला आवडली. सही केली. शिक्का मात्र खजिनदारांकडे, आणि ते कोल्हापूरला गेलेले. “शिक्क्याशिवाय चालणार नाही, सर. मी बुधवारी येतो,” म्हणून हवालदार निघून गेले आणि कागद माझ्या टेबलावर राहिला.

दोनशे वेळा वाचले तरी ‘संचित रजा’ या शब्दांवरून माझी नजर हलेना. धंदाच शब्दांचा! कैद्याला सुटीवर सोडण्याचे आपल्याकडे दोन प्रकार आहेत. इंग्रजीतल्या फर्लोला सरकारी मराठीत म्हणतात संचित रजा, आणि पॅरोलला म्हणतात अभिवचन रजा. ज्या कोणा अनुवादकाने हे शब्द बसवले, त्याला मी मनोमन नमस्कार केला. संचित म्हणजे साठवलेले. आपल्या तत्त्वज्ञानात संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन प्रकार मानतात, त्यांतले हे पहिले. कैद्याने तुरुंगात नीट वागून जे साठवले, त्याच्या बळावर मिळते ती ही रजा, आणि तिचे दिवस शिक्षेतच मोजले जातात. अभिवचन रजेचे तसे नाही. घरात कोणी अत्यवस्थ आहे, कोणी वारले आहे, अशा अडचणीच्या प्रसंगी ती मिळते आणि तिचे दिवस शिक्षेत धरीत नाहीत. जितके बाहेर राहिलात तितके पुढे भरून द्यायचे. पॅरोल हा शब्द मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ ‘शब्द’. कैदी शब्द देतो, त्या शब्दावर दार उघडते.

आपल्या राज्यात या रजांचे नियम १९५९ सालचे. तेव्हा मुंबईचे द्विभाषिक राज्य होते, म्हणून ते पुढे गुजरातच्याही वाट्याला गेले. नंतर त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. पण दोन गोष्टी मुळापासून आहेत. एक, रजा हा कैद्याचा हक्क नव्हे. आणि दुसरी, त्याला घरी ठेवून घ्यायला आणि जामीन राहायला कोणीतरी नातलग तयार पाहिजे. ज्याला बाहेर कोणी उरले नाही त्याला रजाही नाही. तुरुंगाच्या भिंतीइतकीच ही अटही उंच आहे.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी सौ.ला माझा अभिप्राय वाचून दाखवला. तिने ऐकून घेतला. मग बशी पुसत म्हणाली, “छान लिहिलंय. नानांना विचारलंत?”

नाना म्हणजे गेलेल्या मुलाचे वडील. टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहतात. ‘सोसायटीची काहीही हरकत नाही’ असे मी लिहिले होते, त्या सोसायटीत तेही येत होते. माझ्या ध्यानातच आले नव्हते! वाचकहो, मला लाज वाटली. चांगुलपणाच्या भरात माणूस किती सहज दुसऱ्याच्या वतीने क्षमा करून मोकळा होतो!

वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मीही ती वर्गात कितीदा सांगितली असेल. वाल्या वाटसरूंना मारी आणि दर खुनामागे एक खडा रांजणात टाकी. असे सात रांजण भरले. मग नारदमुनी भेटले. ‘तुझ्या पापात वाटेकरी कोण?’ म्हणून त्यांनी त्याला घरी पाठवले. बायकोने आणि मुलांनी हात झटकले. वाल्याचे डोळे उघडले, वारूळ वाढले, वाल्मीकी झाला. गोष्ट संपते. मुलांचे चेहरे उजळतात. पण त्या रात्री पहिल्यांदाच माझ्या मनात आले, की त्या सात रांजणांचे पुढे काय झाले? एकेक खडा म्हणजे एकेका घरातला माणूस. नारद त्या घरी कधी गेले का? गोष्टीत तसे काही नाही. वाल्याचा वाल्मीकी झाला याचा आनंद खरा. पण रांजण तिथेच भरलेले राहिले.

दुसऱ्या दिवशी मी नानांकडे गेलो. माई आत देवापाशी वाती वळीत होत्या. विषय कसा काढावा ते सुचेना. शेवटी कागदच पुढे ठेवला. नानांनी चष्मा लावला, सावकाश वाचला आणि घडी घालून परत दिला.

“खटला चालला तेव्हा मला साक्षीला बोलावलं होतं,” ते म्हणाले. “हा शर्ट तुमच्या मुलाचा का? हो म्हटलं. हे घड्याळ त्याचं का? हो म्हटलं. त्यानंतर मला कुणी काही विचारलेलं नाही, सर. तुम्ही पहिले.”

मी गप्प. मग मीच धीर करून विचारले, “नाना, त्याला फाशी व्हायला हवी होती असं वाटतं?”

“पहिली दोन वर्षं वाटायचं. मग ते गेलं. कधी गेलं ते कळलंही नाही.” ते आतल्या दाराकडे पाहून आवाज उतरवून म्हणाले, “तो येऊच नये असं मी म्हणत नाही. तो पूर्वी दोनदा सुटून आला, ते मला आज तुमच्याकडून कळतंय. उद्या नरकचतुर्दशीला पहाटे फटाक्यांच्या आवाजात त्याचा आवाज हिच्या कानावर आला तर? भाजीच्या गाडीशी समोरासमोर गाठ पडली तर? कुठल्या तारखेला येणार तेवढं आधी सांगा. मी हिला घेऊन नाशिकला भावाकडं जाईन.”

म्हणजे ज्यांचा मुलगा गेला त्यांनीच दिवाळीत घर सोडायचे! आणि खाली माझी सुंदर वाक्ये सहीनिशी उभी.

आपण बैठकीत बसून या विषयावर बोलतो तेव्हा दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, लटकवा एकेकाला. दुसरी म्हणते, सोडा बिचाऱ्यांना. पैजेवर सांगतो, दोन्हींकडच्या बहुतेकांना जन्मठेप म्हणजे काय ते ठाऊक नसते. ‘चौदा वर्षं झाली की सुटतो’ हे तर आपल्याकडे पंचांगात छापल्यासारखे झाले आहे. ते खरे नाही. पूर्वी काळे पाणी होते. १ जानेवारी १९५६ पासून त्याच्या जागी कायद्यात जन्मठेप आली. गांधीजींच्या खुनाच्या कटात शिक्षा झालेल्या गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली स्वच्छ सांगितले, की जन्मठेप म्हणजे उरलेला सारा जन्म. सरकारने सूट दिली तरच त्याआधी सुटका. आणि सरकारने १९६४ साली त्यांना सोडलेही! चौदाचा आकडा कायद्यात आला तो १९७८ साली, आणि तोही उलट्या बाजूने : ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झालेल्याला, प्रत्यक्ष चौदा वर्षे तुरुंगात काढल्याखेरीज, सरकारने सोडू नये. म्हणजे चौदा वर्षे हा उंबरठा आहे. लोक त्यालाच दार समजतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे नवे आले, पण हे कलम तसेच पुढे चालू आहे. एवढेच नव्हे, २००८ सालच्या एका निकालापासून फाशीऐवजी ‘अमुक इतकी वर्षे सूट नाही’ अशी जन्मठेप वरिष्ठ न्यायालये देऊ शकतात.

तर मग सोडायचे कोणाला, हा निर्णय अखेर सरकारी टेबलावर होतो. तिथे काय काय घडू शकते ते आपण पाहिले आहे. जुन्या वाचकांना नानावटी खटला आठवेल. १९५९ सालचा खून. ज्यूरीने निर्दोष म्हटले, उच्च न्यायालयाने ते फिरवून जन्मठेप दिली, १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. मृताच्या बहिणीची लेखी संमती आधी घेतली होती, असे त्या प्रकरणात लक्ष घातलेल्या एका नामांकित वकिलांनी पुढे सांगितले. तसे असेल तर बड्या घरी तेव्हाही विचारायला जात होते म्हणायचे!

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे. २००२ सालच्या गुजरातच्या दंगलीत एका बाईवर सामूहिक अत्याचार झाले आणि तिच्या घरची माणसे मारली गेली. खटला मुंबईत चालला. अकरा जणांना २००८ साली जन्मठेप झाली. त्या अकराही जणांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सूट देऊन सोडले. मुंबईच्या न्यायालयाचे मत प्रतिकूल होते. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली आणि दोन आठवड्यांत तुरुंगात हजर व्हायला सांगितले. कारण असे दिले, की ज्या राज्यात शिक्षा झाली त्या राज्याच्या सरकारचा हा अधिकार. म्हणजे तो महाराष्ट्राचा. कारण कायद्याचे होते, पण त्यासाठी त्या बाईने स्वतःही न्यायालयाचे दार ठोठावले होते.

आणि रजेवर गेलेला परतच आला नाही, असेही होते. २०१२ साली मुंबईत एका तरुण वकील मुलीचा तिच्याच इमारतीच्या रखवालदाराने खून केला. जन्मठेप झाली. २०१६ साली आई आजारी म्हणून तो नाशिकच्या तुरुंगातून अभिवचन रजेवर सुटला आणि पसार झाला. २०१७ साली काश्मिरात पकडला गेला. ‘अभिवचन’ शब्दाची अशी थट्टा झाली की तिची किंमत तो एकटा भरीत नाही. शब्द पाळणारे, वेळेवर परत येणारे बाकीचे कैदी ती भरतात.

तरी मी ‘लटकवा’वाल्यांच्या पंक्तीला बसू शकत नाही. माणसावर विश्वास टाकून पाहण्याची एक जुनी खूण आपल्याच मुलखात आहे. औंध संस्थानात, आटपाडीजवळच्या माळावर, १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत सुरू झाली. भिंती नाहीत. कैद्यांनी शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांच्या डोक्यातली ही कल्पना. तिच्यावरूनच शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि त्याची कथा लिहिली आपल्या गदिमांनी. चित्रपटात सहा खुनी आहेत आणि त्यांच्यावर विश्वास टाकणारा एक जेलर. लहानपणी मी तो पाहिला तेव्हा शेवटी रडलो होतो. परवा मनात पुन्हा उलगडून पाहिला, आणि मला त्या सहाजणांनी मारलेली माणसे शोधूनही सापडेनात.

कायदा मात्र, हळूहळू का होईना, विचारायला शिकतो आहे. १९७३ च्या संहितेने सांगितले, की गुन्हा शाबीत झाल्यावर लगेच शिक्षा सांगू नका. शिक्षा किती असावी यावर आरोपीचे म्हणणे वेगळे ऐका. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणापुरती ठेवली आणि गुन्ह्याइतकेच गुन्हेगाराकडेही पाहायला सांगितले. २००९ साली पीडिताला अपिलाचा हक्क मिळाला. २०२२ साली न्यायालयाने म्हटले, की गुन्ह्याच्या तपासापासून अपिलापर्यंत दर टप्प्यावर त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. हे सगळे निकालपत्रात आहे. निकालपत्रापासून आमच्या इमारतीचा दुसरा मजला किती दूर आहे, ते मी नानांच्या खोलीत पाहिले.

मंगळवारी मी आक्काकडे गेलो. आक्का म्हणजे त्या मुलाची बहीण. आता विधवा. आठवीतल्या मुलाला घेऊन आळीत परत आलेली. शिवणकाम करते. मी नानांचे म्हणणे सांगितले. ती बराच वेळ यंत्राच्या चाकावर हात ठेवून बसली.

“सर, तो सुरी घ्यायला आला ना, तेव्हा मी ओट्याशी पोळ्या करीत होते,” ती म्हणाली. “मला वाटलं, फळ कापायला नेतोय. मी विचारलंसुद्धा नाही. एवढं विचारलं असतं, की कशाला रे, तर?” थोड्या वेळाने म्हणाली, “माई मला जिन्यात दिसल्या की मी भिंतीकडं तोंड करते. त्यांना दिवाळीत घर सोडायला लावू नका. वाईचं घर बंद आहे, किल्ली माझ्याकडं आहे. मीच पोराला घेऊन तिकडं जाते. त्याला तिकडं येऊ दे.”

तेव्हा कोणीतरी घर सोडायचेच होते. ते कोणी, एवढाच प्रश्न होता, आणि तो कुठल्याही नियमावलीत नाही. तो आक्काने सोडवला.

बुधवारी हवालदार आले. मी जुना कागद फाडून नवा लिहिला होता. यावेळी सुंदर वाक्ये नव्हती. लिहिले : रजा मिळण्यास हरकत नाही. मुक्काम या आळीत नसावा; बहीण वाईच्या घरी त्याला ठेवून घेण्यास तयार आहे. सुटण्याची आणि परतण्याची तारीख मृताच्या वडिलांना आधी कळवावी. यापुढे प्रत्येक वेळी कळवावी.

हवालदारांनी वाचून डोके खाजवले. “सर, पत्ता बदलला म्हणजे चौकशी तिकडच्या ठाण्याकडं जाणार. दिवाळीच्या आत होईल असं काही सांगता येत नाही. साधं ‘हरकत नाही’ लिहिलं असतंत तर परवा कागद पुढं गेला असता.”

हे आक्काला सांगणे भाग होते. मी सांगितले. ती म्हणाली, “मग पाडव्याला नाही तर कार्तिकीला येईल. पण असंच येऊ दे.”

दिवाळी अंकाचा मजकूर दोन महिने आधी द्यावा लागतो. तेव्हा हे तुमच्या हाती पडेल त्या दिवशी रजा मंजूर झाली असेल की कागद कुठल्या टेबलावर पडून असेल, ते आज मला ठाऊक नाही. दर वर्षी आमच्या घरून नानांकडे फराळाचे ताट जाते. यंदा सौ.ने दोन ताटांचा हिशोब धरून भाजणी भाजली आहे. दुसरे आक्काकडचे. ती इथे असेल तर इथे, वाईला असेल तर वाईच्या गाडीने.

कालच नाना जिन्यात भेटले. मी काही बोलण्याआधी म्हणाले, “तारीख कळवतील म्हणता?”

“लिहून दिलंय, नाना.”

“बघू,” म्हणाले आणि भाजीची पिशवी घेऊन हळूहळू वर चढून गेले.